खोल्या वाढल्या, घसरगुंड्या तेवढ्याच

नागपुरात उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांचे दोन हट्ट ठरलेले असतात, एक मामाकडे जाण्याचा आणि दुसरा वॉटर पार्कला जाण्याचा. मी स्वतःच मामा असल्यामुळे दोन्ही हट्ट माझ्याच दारात येऊन थांबतात. या वर्षी परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी बहीण, तिची दोन मुले, माझी पत्नी, मुलगी आणि मी असे सहा जण शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका वॉटर पार्कमध्ये गेलो. तेथे मी 2017 मध्येही गेलो होतो आणि तो दिवस इतका चांगला गेला होता की या वेळी दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाचा विचार न करता मीच त्याची शिफारस केली. त्या शिफारशीबद्दल बहिणीने अजून मला माफ केलेले नाही.

फरक गाडी लावतानाच लक्षात आला. पूर्वी तिकीटखिडकीच्या मागे पाण्याचा उंच मनोरा आणि त्यामागे संत्र्याची बाग दिसत असे. आता तेथे चार मजली हॉटेल उभे आहे आणि त्याला लागून दुसऱ्या इमारतीचे सिमेंटचे खांब वर आले आहेत. तेव्हा पार्कच्या कडेला वीस-बावीस कौलारू कॉटेज होत्या. आता स्वागतकक्षातील फलकावर 140 खोल्या आणि ‘लवकरच आणखी 60’ असे लिहिलेले आहे. घसरगुंड्या मात्र तेव्हा 11 होत्या आणि आजही 11 आहेत, त्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती. रंग नवे दिले आहेत आणि नावे बदलली आहेत. जिला तेव्हा ‘नागीण’ म्हणत तिची आता ‘अ‍ॅनाकोंडा’ झाली आहे, पण वळणे तीच, उंची तीच आणि तिसऱ्या वळणावर ढोपराला जो सांधा लागत असे तोही तसाच आहे.

मोठ्यांचे तिकीट 1100 रुपये, नायलॉनच्या पोशाखाचे भाडे वेगळे, लॉकरचे वेगळे आणि त्या दोन्हींची अनामत पुन्हा वेगळी. ही रक्कम आजच्या मानाने फार आहे असे मी म्हणणार नाही. तक्रार वेगळी आहे. पार्कची वेळ सकाळी साडेदहा ते सायंकाळी साडेपाच, म्हणजे सात तास. त्या सात तासांत आमच्या वाट्याला चार घसरगुंड्या आल्या. 2017 मध्ये आम्ही अकराही केल्या होत्या आणि मुलांनी त्यांतल्या तीन दोनदा केल्या होत्या.

असे का झाले, हे मी रांगेत उभा राहूनच मोजले, कारण तेथे करण्यासारखे दुसरे काही नव्हते. सर्वांत जास्त मागणी असलेली घसरगुंडी म्हणजे चार जणांनी मोठ्या गोल ट्यूबमध्ये बसून उतरायची. रिकाम्या ट्यूब खालून वर नेण्यासाठी तेथे सरकपट्टा आहे, पण तो बंद होता, त्यामुळे दोन मुले त्या ट्यूब डोक्यावर घेऊन जिन्याने वर आणत होती. ती वर पोहोचली की ट्यूब ठेवायची, चौघांनी बसायचे, वजनाप्रमाणे त्यांच्या जागा बदलायच्या, खालच्या लाइफगार्डने शिटी वाजवायची आणि मग धक्का द्यायचा. मी घड्याळ लावून दहा फेऱ्या मोजल्या, तेव्हा सरासरी 80 सेकंदांना एक ट्यूब सुटत होती. म्हणजे तासाला 45 ट्यूब आणि 180 माणसे. आमच्या पुढे साधारण दीडशे लोक होते, तेव्हा पन्नास मिनिटांत आपला नंबर लागेल असा माझा हिशेब होता. आमचा नंबर एक तास पस्तीस मिनिटांनी लागला.

हिशेब चुकला तो दुसऱ्या रांगेमुळे. जिन्याच्या डाव्या बाजूने हिरव्या मनगटी पट्ट्याची माणसे वर येत होती आणि एक ट्यूब त्यांची, एक आमची असा क्रम चालला होता. आमचे पट्टे निळे. बहिणीने वरच्या मुलाला विचारले तेव्हा तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “ताई, ते रूमवाले आहे जी. त्यांना अलग लाइन देली आहे.” म्हणजे 180 पैकी 90 जागा हॉटेलमध्ये उतरलेल्यांसाठी आणि उरलेल्या 90 आमच्यासारख्या दिवसाच्या तिकिटावर आलेल्यांसाठी. त्या दिवशी आमची संख्या त्यांच्या कितीतरी पट होती, हे वेगळे सांगायला नको.

एप्रिलअखेरचे नागपूर ज्यांना माहीत आहे त्यांना या दीड तासाचा अर्थ कळेल. जिन्याच्या खालच्या भागावर हिरवी जाळी आहे, वरचे दोन टप्पे मात्र उघडे आहेत. लोखंडी पायऱ्यांवर काथ्याच्या पट्ट्या अंथरलेल्या होत्या आणि एक माणूस अधूनमधून नळीने त्यांवर पाणी मारत होता, पण दुपारी साडेबारानंतर ते पाणी पाच मिनिटेही टिकत नव्हते. लोक अनवाणी पायांनी एकदा उजवा, एकदा डावा पाय उचलत उभे होते, एखाद्या शेतात बगळे उभे असावेत तसे. माझ्या आठ वर्षांच्या भाचीने शेवटी आपले दोन्ही पाय माझ्या पावलांवर ठेवले आणि उरलेली रांग तशीच पार केली. ट्यूबमधून खाली यायला, तेही मी मोजले, 24 सेकंद लागले.

लाटांच्या तलावाची गत याहून वेगळी नव्हती. दर अर्ध्या तासाने भोंगा वाजतो आणि दहा मिनिटे लाटा सोडतात. भोंगा वाजताच सगळा पार्क त्या तलावाकडे धावतो. माणसे इतकी दाटीने उभी होती की लाट पहिल्या दहा ओळींच्या पाठीवरच विरून जात होती आणि मागे उभ्या असलेल्यांच्या गुडघ्यांना तिची जेमतेम खबर लागत होती. येथे लाइफगार्डांचे कौतुक करायलाच हवे. चार पोरे शिट्ट्या वाजवून घसा बसेपर्यंत लहान मुलांना उथळ बाजूला काढत होती. अपघात झाला नाही याचे श्रेय त्या चौघांना आहे, गर्दी आत सोडणाऱ्यांना नाही. त्या दिवशी दुपारी अडीच वाजताही तिकीटखिडकी उघडी होती.

आता हळदीची गोष्ट. अकराच्या सुमारास अचानक सत्तर-ऐंशी माणसांचा घोळका पार्कमध्ये आला. पुरुषांच्या गालांवर, बायकांच्या हातांवर, काहींच्या तर केसांतही ओली हळद होती. त्या हॉटेलमध्ये लग्न होते, सकाळची हळद उरकली होती आणि लग्नाच्या पॅकेजमध्ये पाहुण्यांना पार्कचा हिरवा पट्टा मिळत असल्यामुळे मंडळी थेट पाण्याकडे निघाली होती. लाइफगार्ड त्यांना आधी शॉवरखाली पाठवत होता आणि वरपक्षाचे एक काका “अरे, हळद शुभ असते, काय होते बे?” म्हणून त्याच्याशी वाद घालत होते. लेझी रिव्हरच्या, म्हणजे तरंगत फिरायच्या संथ कालव्याच्या, तोंडाशी पाणी काही वेळ चांगलेच पिवळसर दिसत होते. लग्नघरच्या लोकांचा मला राग आला नाही. त्यांना जे विकले होते ते त्यांनी घेतले. पण लग्नाचे चारशे पाहुणे हे पार्कचेही पाहुणे होणार, हे ज्याला महिनाभर आधी ठाऊक होते, त्याने त्या दिवसाची दिवसभराची तिकिटे तेवढ्याने कमी करायला हवी होती.

एवढ्यावरच मत बनवणे बरोबर नाही असे वाटल्यामुळे आणि थोडा हट्टामुळेही, पुढच्या आठवड्यात मंगळवारी मी आणि पत्नी मुलीला घेऊन त्याच हॉटेलमध्ये एक रात्र राहिलो. खोलीचे भाडे 6500 रुपये. बिलाकडे पाहताना एक गंमत लक्षात आली. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तर वॉटर पार्कच्या तिकिटावरचा कर 2018 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आला तो तेथेच आहे. सरकारने तसे हेतूने केले नसेल, पण पाहुण्याला पाण्यापेक्षा पलंग स्वस्त पडतो खरा.

खोली चांगली होती, हे नमूद केले पाहिजे. एसी आवाज न करता चालत होता, न्हाणीघरात पाण्याला जोर होता, चादरी स्वच्छ होत्या आणि खिडकीतून त्या उंच मनोऱ्याचे मागचे अंग दिसत होते, रंग न दिलेले. सकाळच्या नाश्त्यात तर्री पोहे होते आणि तर्री खरोखरच तर्री होती, हॉटेलवाले देतात ते तिखटाचे पाणी नव्हते. रात्रीच्या जेवणातल्या ‘सावजी’ नावाच्या पदार्थाबद्दल मी बोलणार नाही, कारण मी नागपूरचा आहे.

साडेनऊ वाजता हॉटेलच्या मागच्या फाटकातून आम्हाला पार्कमध्ये सोडले, म्हणजे मुख्य फाटक उघडण्याच्या एक तास आधी. त्या एका तासात आम्ही सहा घसरगुंड्या केल्या. रांग म्हणावी अशी कोठेही नव्हती, पायऱ्या गार होत्या, पाणी नितळ होते आणि मुलीच्या हसण्याचा आवाज त्या मोकळ्या आवारात घुमत होता. 2017 चा तो दिवस मला एका तासापुरता परत मिळाला. साडेदहाला मुख्य फाटक उघडले, तेव्हा आम्ही डावीकडच्या रांगेतून वर जात होतो आणि उजवीकडच्या रांगेतली माणसे आमच्या हिरव्या पट्ट्यांकडे पाहत होती. आदल्या आठवड्यात मी ज्या नजरेने पाहिले होते, तीच नजर होती. मी पट्टा ओल्या टॉवेलखाली घेतला.

स्वागतकक्षावरच्या माणसाशी बोलणे झाले. तो मोकळेपणाने बोलला, म्हणून त्याचे म्हणणे येथे देतो. नवी घसरगुंडी का येत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, स्लाइड तीन महिने कमावते, खोली बारा महिने कमावते.” विदर्भात हे अगदी खरे आहे. मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत पाण्याला गिऱ्हाईक असते, त्यानंतर पावसाळा आणि त्यानंतर थंडी, ज्या थंडीत नागपूरकर आंघोळीचे पाणीही चटका बसेल इतके तापवतो. फायबरची घसरगुंडी उरलेले महिने उन्हापावसात रंग उडवत उभी राहते, पंप आणि गाळणी मात्र चालू ठेवावी लागतात आणि माणसेही ठेवावी लागतात. खोलीला असे नाही. मार्गशीर्षातली लग्ने, डिसेंबरचे हिवाळी अधिवेशन, कंपन्यांच्या बैठका, समृद्धी महामार्गावरून रात्री उशिरा उतरणारे प्रवासी, असे तिला काही ना काही मिळतच राहते. बँकेचा कर्ज देणारा अधिकारीही बहुधा खोल्यांकडेच पाहत असेल. तेव्हा मालकाने हॉटेल बांधले यात मला चूक दिसत नाही. चूक आहे ती प्रत्येक नव्या खोलीबरोबर त्याच 180 जागांतला एक हिस्सा विकण्यात.

हे दुखणे आपल्याकडचेच आहे असेही नाही. अमेरिकेतील फ्लोरिडाचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडले ते एक पार्क आणि मोजक्या हॉटेलांसह. त्यानंतर 1982, 1989 आणि 1998 मध्ये आणखी तीन थीम पार्क झाले आणि तेव्हापासून तेथे पाचवे थीम पार्क उघडलेले नाही. हॉटेले मात्र थांबली नाहीत. 2001, 2003, 2012, 2019 आणि 2024 मध्ये तेथे हॉटेले किंवा जुन्या हॉटेलांचे नवे मनोरे उभे राहिले. जुन्या पार्कांमध्ये भर पडली नाही असे नाही, 2017 मध्ये ‘अवतार’ चित्रपटावरचा पँडोरा आणि 2019 मध्ये स्टार वॉर्सचा विभाग तेथे आला. पण तेथेही हॉटेलच्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात आणि रांग टाळण्याची जी सोय 1999 मध्ये फुकट सुरू झाली होती ती 2021 पासून पैसे देऊन घ्यावी लागते. तेथून जवळच ऑर्लँडोमध्ये डिस्नेच्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलने 22 मे 2025 रोजी एपिक युनिव्हर्स उघडले, तेव्हा सुमारे दोन हजार खोल्यांची तीन हॉटेले आणली खरी, पण त्यांच्याबरोबर एक आख्खे नवे पार्कही आणले. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकामध्ये 2013 मध्ये थीम पार्क, 2014 मध्ये वॉटर पार्क आणि 2015 मध्ये हॉटेल असा क्रम होता. आधी जेवण आणि मग मुखवास, हा क्रम मला समजतो.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्या दारातच आहे. पेंच किंवा ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवर गेल्या काही वर्षांत किती रिसॉर्ट झाले ते रस्त्याने जाताना दिसतेच. पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या 20 टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरता येत नाही, आणि प्रत्येक फाटकातून एका वेळी किती गाड्या सोडायच्या हे ठरलेले असते. त्यामुळे नवा रिसॉर्ट झाला म्हणून जंगलात एकही जिप्सी वाढत नाही. रिसॉर्टवाला पहिल्याच फोनवर सांगतो की खोली मिळेल, सफारीचे आरक्षण तुमचे तुम्ही बघा. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाची भारतीय सफारी 26 जानेवारी 2021 रोजी सुरू झाली, तेथेही बसमध्ये जेवढ्या जागा तेवढीच माणसे जातात. वाघाच्या बाबतीत जे भान आपण ठेवतो ते लहान मुलांच्या बाबतीत ठेवायला कोणताही कायदा लागू नये. दिवसाला किती पट्टे द्यायचे याचा आकडा पार्कने ठरवावा, तो निळ्या-हिरव्या दोन्ही पट्ट्यांना मिळून असावा आणि संपला की खिडकी बंद करावी, एवढेच मागणे आहे.

ज्यांना तरीही जायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाचे बोल. रविवार पूर्णपणे टाळावा. मंगळवारी दुपारीही रांगा होत्या, पण वीस-पंचवीस मिनिटांच्या. सकाळी साडेदहाला फाटकावर हजर राहून आधी चौघांची ट्यूब करावी आणि लाटांचा तलाव चारनंतर करावा, तेव्हा लग्नाची मंडळी तयार व्हायला खोल्यांवर गेलेली असतात. पायांत घालायला रबरी जोडे न्यावेत, पार्कवाले हरकत घेत नाहीत. आणि आरक्षण करण्यापूर्वी फोन करून एकच प्रश्न विचारावा की त्या दिवशी हॉटेलात लग्न आहे का. फोन करण्याचा कंटाळा असेल तर भिंतीवरचे कालनिर्णय पाहावे. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, त्या महिन्यात लग्ने नाहीत आणि सुट्टी मात्र आहे. जावयांना वाण देऊन झाले की मुलांना घेऊन निघावे.

दिवसाच्या तिकिटाला मी पाचपैकी दोन गुण देतो, तेही लाइफगार्डांमुळे. हॉटेलला चार देईन, एक गुण सावजीचा कापला आहे.

बुधवारी खोली सोडताना अभिप्रायाचा छापील कागद हातात दिला गेला. त्यावर खोलीची स्वच्छता, उशीचा मऊपणा, नाश्त्यातील विविधता, वाय-फायचा वेग आणि कर्मचाऱ्यांचे वागणे असे रकाने होते. घसरगुंड्यांबद्दल एकही रकाना नव्हता. मी समासात लिहिले, ‘ट्यूब वर नेणारा सरकपट्टा दुरुस्त करावा.’ काउंटरवरच्या मुलीने ते वाचले आणि विचारले, “सर, हे कोणत्या मजल्यावर आहे?”